तिसऱ्या मजल्यावरचा परदेश

हापशीताई परदेशसेवेतून परत आली ती गुडघे गमावून. स्वयंसेवक म्हणून ती समुद्रापलीकडच्या एका बेटावर हातपंप दुरुस्त करायला गेली होती. दगडांवर गुडघे टेकून टेकून तिनं गावोगावचे बंद पडलेले पंप चालू केले, तिथली पोरंबाळं तिच्या नावानं गाणी म्हणायला लागली, आणि घरी आल्यावर मात्र तिला खुर्चीतून उठायला भिंतीचा आधार लागू लागला. लग्न केलेलं नव्हतं, राहायची दादा-वहिनींकडे. वहिनी प्रेमळ होती, पण तोंडाची फटकळ. "वन्सं," ती म्हणायची, "परक्यांना पाणी पाजून आलात, आता स्वतःला पाण्याचा पेला आणायला तुम्हाला माणूस लागतो."

सरकारचा नियम साधा होता. स्वयंसेवक परदेशात असताना आजारी पडला तर उपचार फुकट. परतला की सेवा संपली, आणि सेवेबरोबर दुखणंही संपलं असं धरायचं. ताई चौकशीला गेली तेव्हा खिडकीतल्या बाई मनापासून हळहळल्या.

"तिथे असताना दुखलं असतं ना, तर काही अडचण नव्हती."

"तिथेच दुखायला लागलं होतं."

"मग परत कशाला आलात?"

ताई लंगडत घरी आली.

पुढे सरकारच्या मनात आलं की स्वयंसेवकांच्या सवलती सुधाराव्यात. त्यासाठी समिती नेमली आणि अनुभवी माणूस हवा म्हणून ताईला त्या समितीवर घेतलं. समितीची खोली खात्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. ताई कठड्याला धरून वर पोचली तेव्हा बाकीची दोघं तिची वाट पाहत होती. एक अध्यक्ष, गोल चेहऱ्याचे, मऊ बोलणारे गृहस्थ. उभी हयात परदेशसेवा खात्यात घालवूनही स्वतः कधी देशाबाहेर न गेलेले. दुसऱ्या, त्याच खात्यातल्या कायदेवाल्या बाई, ज्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं.

कायदेवाल्या बाईंनी बसल्या बसल्याच शंका काढली. "समितीच्या कामाचे तुम्हाला पैसे मिळणार नाहीत. म्हणजे तुम्ही स्वयंसेवक. तुमची भरती परदेशसेवेत आहे. म्हणजे तुमची परदेशसेवा चालू आहे."

"पण मी तर परत आले," ताई म्हणाली.

"सेवा चालू असताना परत येता येत नाही. तुम्ही सध्या परदेशात आहात."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "त्या तर इथे बसल्यात, बाई."

"मग इथे परदेश असला पाहिजे."

दुसरा मार्ग ताईला समितीवरून काढण्याचा होता, पण मग समितीत दुखणारं माणूस उरलं नसतं. अध्यक्षांनी सही केली आणि ती खोली परदेश झाली.

पहिल्यांदा हे कागदापुरतं राहील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण सरकारी गाडा एकदा उताराला लागला की कुणाच्या बापाला आवरत नाही. दुसऱ्या दिवशी दारावरच्या शिपायाला सीमेवर नेमल्याचा हुकूम मिळाला. तो भला माणूस पारपत्र पाहिल्याशिवाय कुणाला आत सोडेना. परदेशातली वेळ वेगळी असते म्हणून भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकवलं. वहिनी ताईचा डबा घेऊन आली, तर शिपायानं तिला दारातच अडवलं.

"शिजवलेलं अन्न सीमेपार नेता येत नाही, वहिनी."

"अहो, ती बघा, समोर बसलीय माझी नणंद. हाक मारली तर ओ देईल."

"हाक मारा की. हाकेवर बंदी नाही."

वहिनीनं मारली. ताई दारापर्यंत आली, उंबऱ्याच्या बाहेर डबा उघडला गेला आणि वहिनीनं तिथूनच हात लांब करून नणंदेला जेवू घातलं. शिपाई तेवढा वेळ छताकडे बघत राहिला.

खरी पंचाईत झाली ती अध्यक्षांची. आठवडाभरात त्यांचा चेहरा उतरला. खिडकीतून त्यांना स्वतःच्या घराचं छप्पर दिसायचं, आणि ते तासन् तास तिकडे बघत बसायचे.

"काय होतंय, साहेब?" ताईनं विचारलं.

"काही नाही हो. घरची आठवण येते."

"संध्याकाळी घरीच तर जाता तुम्ही."

"जातो. पण इथे असलो की वाटतं, फार लांब आलो आपण." ते ओशाळले. "इतकी वर्षं तुमच्यासारख्यांना धाडत आलो, हे असं होतं ते माहीत नव्हतं."

ताईला हसू येत होतं, पण तिनं ते आवरलं. बेटावरच्या पहिल्या महिन्यात तीही ओसाड किनाऱ्यावर बसून घरच्या आठवणीनं रडली होती. ती म्हणाली, "सुरुवातीला जड जातं. हाताला काम द्या म्हणजे दिवस सरतो." आणि कोपऱ्यातला गळका नळ तिनं त्यांना दुरुस्त करायला शिकवायला घेतला. अध्यक्ष बाह्या सरसावून बसले. पान्हा कसा धरायचा ते दाखवायला ताई गुडघ्यावर टेकली, आणि गुडघा जो अडकला तो सुटेचना. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

कायदेवाल्या बाई उठल्या. "परदेशात गंभीर दुखणं झालं तर स्वयंसेवकाला मायदेशी आणून उपचार करायचे, असा नियम आहे."

मायदेश जिन्यापासून सुरू होत होता. डबा घेऊन आलेली वहिनी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, माझा हात धरा, हळूहळू उतरू."

"चालत आल्या तर त्या स्वखुशीनं परतल्या असं होईल," बाई म्हणाल्या. "उचलूनच न्यायला हवं."

मग अध्यक्ष आणि शिपाई यांनी ताईला खुर्चीसकट उचललं. पुढे वहिनी "सांभाळून, सांभाळून" करत उलटी उतरत होती. खालच्या मजल्यावर खात्याचा दवाखाना होता. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कुठून आणला?"

"परदेशातून," अध्यक्ष धापा टाकत म्हणाले.

डॉक्टरांनी आधी अध्यक्षांना झोपवलं आणि मग ताईचा गुडघा पाहिला. ऑपरेशन लागणार होतं. नियमात बसत होतं. झालं.

ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. धरणाच्या कामावर पाठ मोडून आलेला गवंडी, वाळवंटातल्या शाळेत शिकवता शिकवता आवाज गेलेल्या मास्तरीण बाई, असे जुने स्वयंसेवक खोलीत येऊन बसायला लागले. आत आलं की परदेश, दुखलं की मायदेश. शिपायाचे खांदे भरून आले. मग देशातच सेवा केलेले तक्रार घेऊन आले. पुरात माणसं काढताना ज्याचा खांदा निखळला होता, त्यानं परदेशात कशाला जायचं? कायदेवाल्या बाईंनी रात्रंदिवस विचार करून खोलीबाहेरचा व्हरांडा हा देशातला दुर्गम भाग ठरवला. दुर्गम आहे हे पटावं म्हणून तिथला दिवा काढून घेतला.

शेवटी मंत्रीसाहेब पाहणीला आले. शिपायानं त्यांना सलाम केला आणि लस टोचल्याचा दाखला मागितला. दाखला नव्हता. सोबतच्या लोकांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण मंत्री म्हणाले, "नियम मीच केलाय ना? मग टोचा." अंधाऱ्या व्हरांड्यात डॉक्टरांनी त्यांना एकामागून एक सुया टोचल्या. समितीनं तयार केलेला अहवाल त्यांनी उघडलाही नाही. दंड चोळत त्यांनी विचारलं, "हे सगळं बंद करायला काय करावं लागेल?"

"दुखणं सेवेतलं असेल तर माणूस कुठेही असला तरी उपचार करायचे," ताई म्हणाली. "देशात, परदेशात, स्वतःच्या घरात."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं. महिनाभरात तसा हुकूम निघाला आणि खोली परत मायदेशात आली. कायदेवाल्या बाई म्हणे त्या दिवशी हसल्या, पण बघितलं कुणी नाही.

ताईचं दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन घराजवळच्या इस्पितळात झालं. अध्यक्ष भेटायला आले, फळांची पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसले. वहिनीनं त्यांना चहा दिला. चहा निम्मा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ताई, ते बेट दिसायला कसं होतं हो?"

ताईनं उशी पाठीशी घेतली आणि बंदरापासून सांगायला सुरुवात केली. भेटीची वेळ संपली तेव्हा ती पहिल्या पंपापर्यंतच पोचली होती. नर्स दोनदा येऊन गेली. अध्यक्ष म्हणाले, "पंपाला पाणी आलं की जातो."