जानरावांनी उभा केलेला खांब

इंद्रभान फौजेत सतरा वर्षं वायरलेसवर होता. सुटून देऊळघाटला आला, वांगी-मिरच्या लावू लागला, पण कानांना करमेना. शेवटी परीक्षा देऊन त्यानं दिल्लीहून हौशी रेडिओचा परवाना मिळवला आणि जुन्या सामानातून स्वतःच्या हातानं यंत्र बांधलं. आता घरबसल्या देशभरातल्या दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलता येणार होतं. फक्त तार टांगायला उंच खांब हवा होता.

अडुसष्ट सालच्या दिवाळीनंतर तो बुलढाण्याहून बैलगाडीत लोखंडी नळ घेऊन आला.

"हे काय आनलं?" बायकोनं, सोजराबाईनं विचारलं.

"खांब हाय. परसात उभा कराचा."

"कायले?"

"दूरच्या लोकाईसंगं बोलाले."

"चार वर्सं झाले घरी येऊन. माह्यासंगं बोलाले कोनता खांब लागते, तेही पाहून ठेवा," सोजराबाई म्हणाली आणि पाणी भरायला गेली.

रविवारी सकाळी आठ माणसं जमली. नळाला नळ जोडून खांब आडवा तयार होता, शेंड्याला चार दोर बांधले होते. इंद्रभाननं फौजी पद्धतीनं दोरांना नंबर दिले, प्रत्येक दोरावर दोन माणसं लावली आणि हुकूम कसे पाळायचे ते दोनदा समजावलं. सगळ्यांनी हाव हाव म्हटलं. खांब अर्धा वर आला तोवर आपला नंबर कोणाच्याही ध्यानात नव्हता.

"तीन नंबर, ढील दे!" इंद्रभान ओरडला.

आपणच तीन नंबर, असं वाटणारे पाच जण निघाले. पाचही जणांनी ढील दिली. खांब क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि शेजारच्या जानरावांच्या पत्र्यावर आडवा झाला.

जानराव तेव्हा आत पिठलं-भाकर खात होते. त्यांचं नि इंद्रभानचं मधल्या भिंतीवरून वाजलं होतं. भिंत वीतभर इकडे की तिकडे, एवढंच कारण. पण चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. इंद्रभानला काही सुनवायचंच असलं तर जानराव आपल्या बैलाला सांगत.

तसेच ते खरकट्या हातानं बाहेर आले. पत्र्यावरचा खांब पाहिला. भिंतीपलीकडची आठ माणसं पाहिली, त्यातली आता सहाच उरली होती. मग गोठ्याकडे तोंड करून म्हणाले, "ढवळ्या, पाह्य बावा! आकाशाशी बोलनाऱ्याचा खांब आपल्या घरी जेवाले आला."

इंद्रभानचा चेहरा पडला. "पत्रा बसवून देतो म्या," तो हळूच म्हणाला.

पण जानरावांचं पत्र्याकडे लक्षच नव्हतं. त्यांची उभी हयात विहिरी खोदण्यात गेली होती. साठ-साठ फुटांवरून त्यांनी मणामणाचे दगड वर काढले होते. ते भिंतीला रेलून इंद्रभानच्या परसात पाहत होते. बोटभर खुंट्या, तिरपा खड्डा, गुंतलेले दोर. त्यांना ते बघवेना.

"ढवळ्या," त्यांनी सुरुवात केली, मग बैलाला सोडूनच दिलं. "काऊन बे इंद्रभान, खांब उभा करून राह्यला का झाडू? या खुट्ट्याईले शेळी तरी थांबन का?"

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नाव घेऊन हाक मारली होती. इंद्रभान गुंतलेले दोर सोडवायला वाकला. तोवर जानराव हात धुऊन भिंत ओलांडून आले होते.

त्यांनी चारी बाजूंना कमरेएवढे खड्डे करवले, त्यात दगड पुरून त्यांना दोर बांधायला लावले. दोन जाड लाकडी बल्ल्यांची टोकं एकत्र बांधून कैची उभी केली आणि ओढायचा दोर तिच्यावरून घेतला, म्हणजे खांब खालून न ओढता वरून उचलला जाईल. त्या दोराला बैलजोडी जुंपली. इंद्रभान मध्येच "एक नंबर—" म्हणाला, तर जानरावांनी त्याला ओट्याकडे बोट दाखवलं.

"तू तिथिसा बस. एकाच तोंडानं खांब उभा राह्यते."

सतरा वर्षं हुकूम ऐकलेला माणूस. मुकाट जाऊन बसला.

दुपार व्हायच्या आत खांब उभा राहिला, ओळंब्यासारखा सरळ. खांबाच्या शेंड्यावरून घेतलेल्या तारेचं एक टोक इंद्रभानच्या गोठ्याला गेलं; दुसऱ्यासाठी जानरावांचाच निंब सोयीचा होता. इंद्रभानला मागायचा धीर होईना. सोजराबाईनं चहाची कपबशी पुढे करता करता म्हटलं, "भाऊजी, एक टोक तुमच्या निंबाले बांधाचं म्हन्तात."

जानरावांनी बशीतला चहा संपवला. "वरच्या फांदीले बांध म्हना. खालची पोकळ हाय."

पुढच्या रविवारी सकाळी इंद्रभानचा यंत्रावर पुकारा सुरू झाला. तासभर नुसती खरखर. जमलेले लोक कंटाळून कापूस वेचायला निघून गेले. जानराव तेवढे खिडकीबाहेर, खांबाचे ताणून बांधलेले दोर, म्हणजे तणावे, तपासायच्या निमित्तानं उभे. आणि एकाएकी यंत्रातून माणसाचा आवाज आला. हैदराबादचे एक डॉक्टर हिंदीत बोलत होते. आवाज छान येतोय, तुमचा खांब केवढा, त्यांनी विचारलं.

"चाळीस फूट," इंद्रभाननं सांगितलं.

"बेचाळीस!" खिडकीतून जानराव गरजले. "कासऱ्यानं मोजेल हाय म्या!"

हे कोण, डॉक्टरांनी विचारलं. परवाना नसलेल्याला बोलू द्यायची मनाई होती. इंद्रभाननं माइक स्वतःकडेच ठेवला. "माझे शेजारी," तो म्हणाला. "खांब त्यांनीच उभा केला."

डॉक्टर एकदम हळवे झाले. त्यांचा खांब वाऱ्यानं तीनदा पडला होता. तुमच्या शेजाऱ्यांनी कसा केला, जरा सांगाल का?

जानराव आत येऊन पाटावर बसले. ते वऱ्हाडीत सांगत, इंद्रभान हिंदीत पोचवत होता. खड्डे झाले, दगड झाले, कैची बांधायला घेतली आणि यंत्र जिच्यावर चालत होतं त्या ट्रकच्या बॅटरीनं मान टाकली. यंत्र गप्प.

"आता?" जानराव.

"बुलढान्याले भरून आनाव लागते. उद्या-परवा पाहू."

"उद्या? अरे, तो अर्धीच कैची बांधन आन् खांब डोक्यावर घेईन! डॉक्टर मानूस हाय तो, त्याले काय कळते?" जानरावांनी बॅटरी उचलली, गाडी जुंपली आणि स्वतः बुलढाण्याला हाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली कैची हैदराबादला पोचली.

महिन्यानं पोस्टमन एक पाकीट घेऊन आला. पत्ता इंद्रभानचा, पण नाव जानरावांचं. आत आभाराचं कार्ड होतं आणि एक फोटो: अंगणात उभा खांब, शेजारी कमरेवर हात ठेवून हसणारे डॉक्टर. इंद्रभाननं कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं.

जानरावांनी फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"यंत्र चालू कर बे," ते म्हणाले. "डावा तणावा ढिला हाय याचा."