पेंढ्यात पुरलेला टब

"अगं, याला गोठा म्हणतात! आता एक गाय आणून बांध, म्हणजे झालं."

पेंढ्याचा शेवटचा गठ्ठा व्हर्ना गुडघ्याने रेटत टबाच्या कडेला बसवत होती. मागच्या अंगणात उणे एकतीस अंश होतं. तिचा दीर लोर्न कॉफीचा मग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि दार उघडं ठेवून घरातली ऊब यॉर्कटन गावाला फुकट वाटत होता.

"दार लाव," ती म्हणाली.

"लावतो. पण वीज वाचवायचा उपाय एकच. वापरायच्या आधी चालू, वापरून झालं की बंद. यात न कळण्यासारखं काय आहे?"

लोर्नने तीस वर्षं घरोघरचे मीटर वाचले होते, त्यामुळे जगातल्या सगळ्या विजेवर आपला मालकी हक्क आहे असं त्याला वाटे. निवृत्त झाल्यावर वाचायला मीटर उरले नाहीत, म्हणून तो लोकांची बिलं वाचू लागला. जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत येणाऱ्या त्यांच्या ख्रिसमसला, सगळं बोइचुक कुटुंब जेवायला बसलेलं असताना, त्याने व्हर्नाचं विजेचं बिल फ्रिजवरून काढून मोठ्याने वाचलं होतं. "राणीसाहेबांचं डबकं!" असं म्हणून त्याने ते परत चिकटवलं. सगळे हसले. नेस्टरची मान खाली होती. ती वर करायला त्याला वेळ लागायचा.

नेस्टर म्हणजे व्हर्नाचा नवरा. धान्याच्या कोठारावर सत्तावीस वर्षं काम केलेला, दारात मावत नव्हता असा माणूस. चार वर्षांपूर्वी कंपवात सुरू झाला आणि अंग लाकडासारखं होत गेलं. दवाखान्यातल्या गरम पाण्याच्या हौदात मात्र तो आठ पावलं चालला होता. व्हर्नाने ती मोजली होती. तो हौद बंद पडला, तेव्हा तिने गाव सोडून निघालेल्या एका जोडप्याचा, अंगणात ठेवायचा आणि विजेवर पाणी गरम ठेवणारा जुना टब घेतला. लोकांना वाटलं, म्हातारपणी चैन सुचली.

डिसेंबरचं बिल पाहून तीही धास्तावली होती. पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हती. आधी तिने टबाचं झाकण उचलून पाहिलं. आतला फोम पाणी पिऊन दगडासारखा जड झाला होता. तिने नवं झाकण आणलं. झाकणाखाली, थेट पाण्यावर तरंगेल असं फोमचं पातळ पांघरूण कापून घातलं. पाण्याचं तापमान चाळीसवरून साडेसदतीसवर आणलं. पंपाला ओढाताण नको म्हणून दर रविवारी गाळणी धुतली. पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा म्हणून जुनी दारं उभी केली, आणि आता हा पेंढा. फक्त पंपाकडची बाजू उघडता येईल अशी ठेवली. फेब्रुवारीचं बिल जवळजवळ एक तृतीयांश उतरलं.

"मीटर बिघडला असणार," लोर्न म्हणाला.

गुरुवारी व्हर्नाची दवाखान्याच्या धुलाईखात्यात लांब पाळी असे. त्या दिवशी लोर्न भावाजवळ बसायला येई. म्हणजे टीव्हीजवळ बसायला. भावाच्या खोलीच्या उंबरठ्यावर तो दोनदा उभा राही, "काय, ठीक ना?" असं विचारी आणि उत्तर तोंडातून बाहेर पडायच्या आत परत फिरे.

त्या गुरुवारी उणे छत्तीस होतं. चारला व्हर्ना घरी आली तर लोर्न सोफ्यावर लग्नघरातल्या यजमानासारखा प्रसन्न.

"सकाळी आठलाच टबाचा मेन स्विच बंद केला. आठ तासांची वीज वाचली. आभार नंतर मान."

तिने कोट काढलाच नाही. ती तशीच मागच्या दाराने धावली. झाकणाखाली पाणी एकतीसवर उतरलं होतं; पेंढ्याने तेवढी लाज राखली होती. पण पंपाकडची फळी उघडली तर आतल्या नळीवर पांढरं बुरशीसारखं दव गोठलेलं. अजून दोन तास, आणि नळी फुटली असती. तिने लांब वायर ओढली, केस वाळवायचं यंत्र लावलं आणि बर्फात गुडघे टेकून पाऊण तास त्या नळीवर धरलं. मग स्विच चालू केला. पंप घुरघुरला, खोकला, आणि लागला.

"बघ, चालतंय की!" दारातून लोर्न म्हणाला.

"पाणी तापायला सात वाजतील. तू थांबायचंस."

"मी? मी कशाला?"

"त्याला आत उतरवायला. माझा खांदा गेलाय. तुझी वीज वाचली ना आठ तासांची, त्यातला एक तास मला दे. कपडे काढ."

"वेड लागलंय का तुला? या थंडीत?"

"तो रोज उतरतो."

सातला लोर्न अर्ध्या चड्डीवर, डोक्यात लोकरीची टोपी घालून, भावाला पाठीमागून कवळून पायऱ्या उतरला. नेस्टरच्या कमरेचा पट्टा व्हर्नाच्या हातात होता. अख्ख्या आजारपणात लोर्नने भावाला पहिल्यांदा हात लावला होता, आणि त्या दारात न मावणाऱ्या माणसातलं आपल्या हातात किती उरलंय ते त्याला कळलं. वाफेत दोघांची डोकी तेवढी दिसत होती. हळूहळू नेस्टरचे खांदे सैलावले. पाण्याखाली त्याचे हात स्थिर झाले. त्याने भावाकडे पाहिलं.

"लोर्न," तो सावकाश म्हणाला, "तुझे हात... का रे थरथरतायत?"

लोर्नने तोंड फिरवलं.

नेस्टर त्या दिवशी टबाच्या कठड्याला धरून दोनदा उभा राहिला. मग त्याला बाहेर काढलं, गुंडाळलं, आत नेलं. लोर्न कपडे घालून आला. टोपीबाहेर राहिलेले ओले केस अंगणात गोठले होते, ते आता त्याच्या कपाळावर वितळत होते.

"व्हर्ना, मी पुढच्या गुरुवारी—"

"घराची किल्ली ठेव."

"अगं, एक स्विच बंद केला मी फक्त!"

"किल्ली ठेव. भावाला भेटायचं असेल तर ये. बेल वाजव. मी घरी असेन तेव्हा."

आखडलेल्या बोटांनी तो कडीतून किल्ली सोडवू लागला. नख सारखं सटकत होतं. तिने मदत केली नाही आणि नजरही काढली नाही. शेवटी किल्ली निघाली. ती टेबलावर ठेवून तो गेला, आणि या वेळी दार नीट लावून गेला.

व्हर्नाने धुलाईखात्याच्या प्रमुख बाईंना फोन लावला.

"गुरुवारची पाळी दुसऱ्या कुणाला द्या. हो, कायमची. नाही, आजारी नाही. घरी माणूस लागतं."

पलीकडून बाई पगाराचं काहीतरी बोलत होत्या. व्हर्ना फोन खांद्याने कानाशी दाबून ऐकत होती आणि नेस्टरच्या पायाची बोटं एकेक करून कोरडी पुसत होती.