शिशाची झिलई

टॅमर ब्लूरने नवऱ्याचा उजवा हात उचलून मालकांच्या जेवणाच्या टेबलावर धरला आणि मनगटाखालचा आधार काढून घेतला. पंजा लटकन खाली पडला. पलीकडे मालकांची दोन नातवंडं पाव आणि चीज खात होती, ती बघतच राहिली.

"चार वर्षं शिशाच्या झिलईत भांडी बुडवली यानं," टॅमर म्हणाली. "आता चमचा धरवत नाही. निदान फाटकावर तरी बसवा याला, मालक."

एनॉक मान खाली घालून उभा होता. हातावर पोट असलेल्या माणसाचे हातच गेल्यावर त्याने बोलायचं तरी काय?

मालक एफ्रेम टेलराइट वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. त्याचे वडील भांड्यांच्या मातीत मिसळायचा चकमकीचा दगड दळता दळता, छातीत धूळ भरून मेले. पुढे त्याने दगड पाण्यात दळायची युक्ती काढली आणि त्याच्या कारखान्यात खोकून मरणारी माणसं कमी झाली. विद्वानांच्या मंडळात त्यावर त्याने निबंधही वाचला होता. लंडनच्या सरदारणी त्याच्याच ताटांत जेवत.

"मला का वाईट वाटत नाही, बाई? पण फाटकावर माणूस आहे. आणि शिशावाचून चमक येत नाही. अजून इलाज सापडलेला नाही."

"तुमच्या वडिलांच्या दुखण्यावर सापडला."

टॅमरची नजर मुलांच्या ताटल्यांवर गेली. नऊ वर्षं ती कारखान्यात माल पुसून पेंढ्यात बांधत आली होती. तिथली एकूणएक ताटली तिच्या हाताखालून गेलेली. या निराळ्या होत्या, मळकट रंगाच्या, चमक नसलेल्या. तिने एक रिकामी ताटली उचलून नखाने घासून पाहिली.

"यात शिसं नाही."

"मुलांच्या पोटात जाऊ नये म्हणून घरापुरत्या केल्यात. असला माल बाजारात कोण घेणार?"

"टिकतात?"

"टिकतात की. पाच वर्षं झाली."

एनॉकने पहिल्यांदाच मान वर केली.

टेलराइट टॅमरकडे वळला. "याच्या जागी झिलईत भांडी बुडवायला माणूस लागेलच. तुझे हात स्थिर आहेत. मजुरी याचीच देईन."

ताटली त्याच्या टाळक्यात घालावी असं तिला वाटलं. पण तिच्या घरी खाणारी तीन पोरं होती. तिने ताटली मालकांच्या नातीपुढे सरळ करून ठेवली.

"सकाळी सहालाच यायचं ना?" तिने विचारलं.