कुणाच्या हातची

बूच. हिंगाच्या डबीशेजारच्या तेलाच्या बाटलीला घट्ट बसलेलं, एका बाजूनं जांभळट, अजूनही कसलासा आंबूस वास धरून राहिलेलं... उज्ज्वलाबाईंनी ते नाकाशी नेलं आणि लगेच खाली ठेवलं. अशी बुचं या घरात कितीतरी. नवऱ्यानं वाईन प्यायची आणि बायकोनं बुचं जपायची, असा संसार! आता तेही गेले, बुचं राहिली. बाहेरच्या खोलीत यांचे मंडळातले मित्र बद्रीनाथभावजी चहा घेत बसले होते आणि त्यांना उत्तर हवं होतं.

"वहिनी, मंडळाच्या कार्यक्रमात लई न्हाई, दोन शब्द बोला. अंगदराव असते तर तेच बोलले असते. मंडळ का म्हून काढलं, कसं काढलं... तुमच्याबिगर कुणाला म्हाईत हाय?"

मला? तिला हसू आलं, आणि भरूनही आलं. रसास्वाद मंडळ दर महिन्याला मांजरसुंब्याच्या रस्त्यावरच्या शेतातल्या खोलीवर भरायचं आणि त्या खोलीचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता. बायकांनी फक्त डबे पाठवायचे. हे नाशिकला द्राक्षाची रोपं आणायला गेले आणि रोपांऐवजी चार बाटल्या न् एक खूळ घेऊन आले — तिथल्या मळेवाल्यानं म्हणे घोट तोंडात धरायला लावला, डोळे मिटायला लावले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी चाखलं, असं जो भेटेल त्याला सांगत सुटले. पहिल्यांदा! तेव्हा लग्नाला तप लोटलं होतं. गाव हसलं, अंगदरावांनी दारूला धोतर नेसवलं म्हणालं. हे ढिम्म. गिळणं म्हणजे खाणं नव्हे, घोट थांबवावा, घास थांबवावा, जिभेनं हात ओळखावा — मंडळाचा हेतू एवढाच, म्हणायचे. म्हणून प्रत्येकाच्या घरून झाकलेला, बिननावाचा डबा. आपल्या घरचा डबा जो ओळखेल त्याला पहिला प्याला. नाही ओळखला त्याला कुणी सांगायचं नाही.

आणि घरी? घरी मान खाली, ताट स्वच्छ. अन्नाला नावं ठेवू नयेत, कबूल. पण चांगलं म्हणू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

एकदाच बोलले होते. मंडळातून आले, चपलाही न काढता दारातच उभे राहिले. "आज येसराची आमटी होती, उज्ज्वला... आधी जराशी करपट, मग गोड, आणि गिळल्यावरही कितीतरी वेळ मागं रेंगाळणारी. लाल वाईन फिकी पडली गं तिच्यापुढं. बद्रीच्या घरची असणार. वत्सलावहिनींकडून शिकून घे ना."

त्या दिवशी तिनंही आमटीच पाठवली होती, धान्य-मसाले भाजून दळलेल्या येसराची. माहेरची, धर्मापुरीच्या आईच्या, सारजाबाईच्या पद्धतीची. त्या आमटीबद्दल एक अक्षर नाही! अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तरी गेली वत्सलाबाईंच्या दारात, अपमान गिळून. त्याही बिचाऱ्या संकोचल्या, पण शिकवलं सगळं. तेव्हापासून या घरात त्यांच्याच पद्धतीची आमटी — खोबरं सढळ, धणे जास्त. आणि हे जेवत राहिले. मान खाली.

"त्यांची एक गंमत सांगा तिथं," भावजी कप ठेवत म्हणाले. "डबे मीच जीपमदी गोळा करायचो, मला समदं म्हाईत. गड्यानं तुमचा डबा कदीच न्हाई ओळखला! एकदा तर तुमची आमटी खाऊन डोळ्यात पानी आणलं न् म्हणले, हा वत्सलावहिनींचा हात! आमच्या घरून त्या दिवशी नुसता ठेचा गेलता. मी कशाला बोलतोय? फुकटचा मान मिळत हुता." आणि ते मनापासून हसले.

तीही हसली. हसावं लागतं. पण माझी होती ती. माझी! आणि मी ती टाकून दिली, यांच्या एका शब्दाखातर. जो शब्द मलाच होता. काय माणूस हा, जगाला हात ओळखायला शिकवत हिंडला आणि —

आणि मग ते आलंच. आधी करपट, मग गोड. आई बाजरी मुद्दाम जराशी करपू द्यायची. वत्सलाबाई तर बाजरी घालतच नाहीत. शिकताना समोर पाहिलं, तरी विचारलं नाही. ते दारात उभं राहून शब्दाशब्दानं माझीच आमटी सांगत होते, आणि मी ऐकत होते, आणि मला वाटत होतं, असेल बाई दुसरीची.

"मग येताय न्हवं, वहिनी?"

"येते भावजी," ती म्हणाली.

डोळे मिटून तिनं जिभेवर ती चव आणायचा यत्न केला. बाजरी किती, आच किती... आई केव्हाच गेली. आलं ते वत्सलाबाईंचं खोबरं. यांनी निदान ती आमटी एकदा तरी चाखली होती, कुणाच्या का नावानं होईना. आपण इतकी वर्षं पळी तळहातावर टेकवत होतो, ती नुसती मीठ बघायला.