आवाज जाईपर्यंत हलू नये

तलवाड्याजवळच्या वस्तीवर मेंढरं तीन वाजताच परत आली, पण त्यांच्यामागं भामाबाई नव्हती. तिचा नवरा सटवा वरच्या माळावर तासभर हाका मारून आला आणि थेट योगिताच्या दारात उभा राहिला. बचत गटाचा फवारणीचा ड्रोन तिच्याच ताब्यात होता.

"पोरी, तुझं इमान उडीव. पाय मोडून पडली आसंल, न्हाईतर पान लागलं आसंल."

चोर ड्रोननं घरं हेरतात अशी आवई उठली होती आणि पंधरा दिवस ड्रोनबंदी लागली होती, फवारणीच्या ड्रोनलाही. योगितानं ठाण्यात फोन लावला. "लेखी अर्ज घेऊन उद्या या," हवालदार म्हणाला. उद्या! सापाला काय अर्ज दाखवायचा? पण विनापरवानगी उडवला तर ड्रोन जप्त, आणि इतक्या खटपटीनं मिळवलेलं लायसनही जाणार. दिवस हातभर राहिला होता. अंधारात उडवायची मुभा तर एरवीही नव्हती.

तिनं उडवला.

माळ, नाला, बाभळी, सगळं रिमोटच्या पडद्यावरून सरकलं. माणूस काही दिसेना. सटवा डोळे फाडून बघत होता. दुसऱ्या फेरीला योगिताला एकदम आठवलं. ड्रोनमधली जाणकार म्हणून परवाच तिनं मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून मोठ्या ऐटीत सूचना वाचली होती. ड्रोन दिसला की बायकांनी आडोशाला जावं, आवाज जाईपर्यंत हलू नये.

"मामा, मामी लपली आसंल. माझ्याच ड्रोनला भिऊन!"

तिनं ड्रोन खाली उतरवला. सटवाच्या डोक्यावरचा लाल पटका ड्रोनच्या पायाला आखूड, गच्च बांधला आणि नाल्यावरून अगदी खालून नेला. एक बाभूळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या बाभळीखालून एक हात बाहेर आला.

दोघं धावत पोचले. भामाबाईचा घोटा सुजून भोपळा झाला होता. मागं रस्त्यावर पोलिसांची जीप थांबलेली योगिताला दिसली, पण तिला त्याचं काही वाटेना. ती मामीच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"रडती कावून?" भामाबाई म्हणाली. "भोंग्यावर तूच सांगितलं न्हवं, हलायचं न्हाई म्हून? मुंगळे लई डसले बाई, तरी म्या हालले न्हाई."