सोळा पिवळे ठिपके

मी गिअरबॉक्स बोलतोय. गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला, पोटात जळकं तेल घेऊन पडलेला. माझी कीव करू नका, मी मेलोच आहे. माझ्यापायी एक माणूस जिवंतपणी मेला, त्याचं सांगायचं आहे. उद्या सकाळी भंगारवाला येणार, म्हणून जरा घाईत सांगतो.

कारखान्यात मला बनवलं ते बेताच्या ताकदीच्या इंजिनासाठी. चालवणाऱ्याने गिअर टाकायचे नाहीत, ते मी आपणहून बदलायचे, तेही झटका न देता. त्यासाठी माझ्या पोटात क्लचच्या पातळ चकत्या आणि त्यांना थंड ठेवणारं लाल तेल. तळाला पत्र्याचं झाकण, काळ्या पेस्टने चिकटवून सोळा बोल्टांनी आवळलेलं. शेवटी एका बाईने प्रत्येक बोल्टावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला, अर्धा बोल्टावर आणि अर्धा पत्र्यावर. बोल्ट हलला की ठिपका तुटतो. या ठिपक्यांवरून पुढे काय रामायण घडेल, हे त्या बिचारीला काय माहीत!

माझे मालक दातांचे डॉक्टर. गाडी घेऊन वर्ष होत नाही तोच त्यांनी इंजिनावर सुपरचार्जर बसवला. हा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि ताकद दीडपट करतो. नाकापेक्षा मोती जड झाला, आणि ते नाक मी होतो.

या गॅरेजात मला सांभाळायचे ते मामा. सगळेच त्यांना मामा म्हणत, कारण गॅरेजचा मालक त्यांचा सख्खा भाचा. त्याला पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"डॉक्टर, मूळचाच गिअरबॉक्स टिकेल," मामा म्हणाले, "पण माझं ऐकलंत तर." त्यांनी माझं तेल थंड करायला पुढे मोठी जाळी बसवली, स्टिअरिंगजवळ तापमानाचा काटा लावला. काटा लाल पट्ट्यात गेला की थांबायचं. ब्रेक दाबून धरून इंजिन रेटायचं नाही. जोरात एकदा पळवली की दहा मिनिटं विसावा. आणि वर्षातून एकदा झाकण काढून आतला फिल्टर बदलायचा.

"झाकण काढायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "ठिपके तुटतील."

कारण दर रविवारी ते एका पडीक धावपट्टीवर गाडी पळवायला जात. तिथे बाकीच्यांचे गिअरबॉक्स दोन-दोनदा उघडून मजबूत केलेले. डॉक्टरांचा मात्र कंपनीचा, हात न लावलेला. ते एकेकाला जमिनीवर पाठीवर झोपायला लावत आणि टॉर्च मारून माझे ठिपके दाखवत. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. मीही फुगलो होतो.

मग मामांनी दुसरी वाट काढली. तेल मोजायच्या नळीतून बारीक पाइप आत सोडायचा, हातपंपाने जेवढं निघेल तेवढं जुनं तेल खेचायचं, तेवढंच नवं ओतायचं. असं तीन वेळा. अर्धा दिवस जायचा, पाठ दुखायची. तरी दर खेपेला ते फिल्टरचं बोलत आणि ते पालथ्या घड्यावर पाणी ठरे.

"डॉक्टर, पेशंटने तोंडच उघडायचं नाही म्हटलं तर तुम्ही काय करता हो?"

डॉक्टर मनापासून हसले. माझं तोंड मात्र बंदच राहिलं.

मामांच्या जिवावर मी तीन वर्षं काढली. मग एका रविवारी धावपट्टीवर शाळेत शिकवणाऱ्या एक बाई नवीन आल्या आणि त्यांनी डॉक्टरांना ओळीने दोनदा हरवलं. डॉक्टरांनी विसावा न घेता तिसऱ्यांदा गाडी लावली. चौथ्यांदा काटा लाल पट्ट्यात गेला, तेव्हा त्यांनी त्याच्यावर रुमाल टाकला. पाचव्या वेळी, तिसऱ्या गिअरात, माझ्या चकत्या जळाल्या. इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी मंदावत जाऊन थांबली.

"मिस्त्रींचं ऐकलं नाहीत वाटतं," काट्यावरचा रुमाल बघून बाई म्हणाल्या. सगळे हसले.

डॉक्टरांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "मिस्त्रीनेच वाट लावली. मला न विचारता उघडला होता त्याने."

बोलून बसले खरे, पण सोळाही ठिपके शाबूत होते. त्या दुपारी इमारतीच्या पार्किंगमध्ये डॉक्टर ओढून आणलेल्या गाडीखाली शिरले. बायकोला टॉर्च धरायला उभं केलं. दात खरवडायचं बारीक अवजार घेऊन त्यांनी एकेक ठिपका निगुतीने खरवडला आणि प्रत्येक बोल्ट पाव फेरा सैल करून पुन्हा आवळला. हात मात्र कसबी, एक ओरखडा उठला नाही.

"अहो, हे तर तुम्ही आल्यागेल्याला दाखवायचात," बायको म्हणाली.

"टॉर्च नीट धर."

तिने नीट धरला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गाडी वर उचलल्यावर डॉक्टरांनी तुटलेल्या ठिपक्यांकडे बोट दाखवलं. मामा गुडघ्यांवर बसले. "झाकणाच्या कडेची ही काळी पेस्ट बघा. कारखान्यातली आहे. एकदा झाकण निघालं की ती फाटते, अशी सलग पुन्हा लागत नाही. मी उघडलाच नाही. जरा वाकून बघ रे."

भाचा वाकला नाही. त्याने फोन बघितला.

डॉक्टर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मामा, तुम्ही नाही केलंत, मला माहीत आहे. पण धावपट्टीवरच्या त्या क्लबातल्या सगळ्या गाड्या डॉक्टरांच्या शब्दावर इथे येतात. उद्यापासून येऊ नका."

"माझं नाव जाईल रे. चाळीस वर्षं कुणाच्या गाडीला न विचारता हात लावला नाही."

"चार दिवसांनी लोक विसरतात, मामा."

लोक विसरले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि फाशीची गोष्ट प्रत्येक गॅरेजात पोचली. मामा तीन ठिकाणी काम मागून आले. प्रत्येकाने चहा पाजला आणि नाही म्हटलं. डॉक्टरांच्या गाडीत नवा गिअरबॉक्स बसला. त्याचेही ठिपके पिवळेच आहेत म्हणे.

काल मामा आपली हत्यारांची पेटी न्यायला आले. माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, शिवी देतील. माझ्याच ठिपक्यांनी त्यांना खाल्लं होतं. पण त्यांनी खिशातलं फडकं काढलं, माझ्या कडेची माती आणि तेल पुसलं, पेस्टची काळी रेघ पूर्ण उघडी केली. मग पेटी उचलून, भाच्याला हाक न मारताच ते निघून गेले.

रेघ अजून तशीच आहे, कुठेही न तुटलेली. रविवारी दहा-दहा माणसं पाठीवर झोपून मला बघायची. आता झोपायचीही गरज नाही. भंगारवाला यायच्या आत कुणीतरी एकदा नुसतं वाकून बघा.