वळणांवरची झोप

वर जाणारा रस्ता गाड्यांनी असा तुंबला होता, की पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवरचा प्रत्येक ओरखडा तिला पाठ झाला होता. दीड तासात जेमतेम दोन वळणं. दरीपलीकडे बर्फाची शिखरं लख्ख उघडी पडली होती. त्यांच्यासाठीच तर नवऱ्याने चार महिने आधी वरच्या हॉटेलात खोली धरली होती. तो पुढच्या सीटवरून फोटो काढत होता आणि ती मागे, मांडीवरच्या दोन वर्षांच्या चिमीकडे बघत होती.

"चिमे, ए चिमे, बर्फ बघ किती!"

पोरीची मान ओल्या फडक्यासारखी कलली.

"झोपू दे गं तिला," शेजारून सासूबाई म्हणाल्या. "जागी असली की झोपत नाही म्हणून रडायचं, झोपली की उठत नाही म्हणून. तुझं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

"आई, तळपायाला गुदगुल्या केल्या तरी पाय आखडत नाहीये."

"काळजी हा विषय असता ना कॉलेजात," नवरा पुढून हसला, "तर हिला सुवर्णपदक मिळालं असतं!"

ती हसली नाही. चिमीच्या नाकाशी तिने बोट धरलं. श्वास येत होता, पण सावकाश. एक गेला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. चिमी अशी कधीच झोपत नसे. ओठांचा रंगही तिला पटेना. तिने दार उघडलं.

"अगं, निघालीस कुठे?"

"मागे वळणावर दवाखान्याची पाटी होती."

"बाई, ते एक-दीड किलोमीटर मागे राहिलं," ड्रायव्हर म्हणाला. "आणि गाडी वळवायला इथे तसूभर जागा नाही."

तोवर ती चालायलाही लागली होती. चिमीला खांद्यावर टाकून, गाड्यांच्या आरशांना कोपर आपटत, उतारावर जवळजवळ धावत. "काय ताई, कंटाळून परत?" एका खिडकीतून कोणीतरी विचारलं. मागून नवऱ्याच्या हाका येत होत्या, त्याच्याही मागून, गुडघा धरत, सासूबाई. ती वळली नाही. पाठीवर पोरीचा हात निर्जीव आपटत होता, आणि दर पावलाला ती तेवढंच म्हणत होती, ऊठ, ऊठ, ऊठ गं बाई.

दवाखाना म्हणजे एक खोली, एक पलंग, एक डॉक्टरीणबाई. त्यांनी चिमीचे डोळे उघडून टॉर्च मारला, छाती तपासली, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला.

"काय दिलं होतं हिला?"

"उलटीचं सिरप. तिला गाडी लागते. निघताना अर्धा चमचा. आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच, मोजून."

"तेवढ्याने एवढी झोप? आणखी काय दिलं?"

"काही नाही."

"घरातल्या दुसऱ्या कोणी?"

सासूबाई पदराचं टोक चुरगळत होत्या. औषधावरून दोघींचं एकदा कडाक्याचं वाजलं होतं. तेव्हापासून घरात रीतच पडली होती : विचारायचं नाही, आपापलं गुपचूप उरकायचं. तशाने घर शांत झालं होतं. त्या शांततेचं तिने माहेरी फोनवर कौतुकही केलं होतं.

"आई?"

"तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा," सासूबाई पुटपुटल्या. "विचारलं असतं तर म्हणाली असतीस, माझ्यावर विश्वास नाही. म्हणून... एक चमचा."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "एवढंच?"

नवरा भिंतीकडे बघत होता.

"बोल ना रे!" ती किंचाळली.

"पायथ्याशी चहाला थांबलो तेव्हा कुरकुरत होती. मला वाटलं, वाद नको म्हणून तुम्ही दोघींनीही दिलं नसणार. म्हटलं, मीच देऊन टाकतो." त्याने दोन बोटांत माप धरून दाखवलं. "झाकणभर."

भांडायला आता वेळच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी खालच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. ॲम्ब्युलन्स निघाली होती. चढणीच्या त्या गर्दीतून वाट काढत यायला अर्धा तास तरी लागणार होता.

"तोवर हिला गाढ झोपेत जाऊ द्यायचं नाही," त्या मास्क धरून म्हणाल्या. "हाका मारा. चिमटे काढा. जोरात."

नवऱ्याने गाल थोपटला. सासूबाईंनी दंड दाबला, पण त्यांचा हात नातीवर जोरात उठेना. तिने दोघांनाही बाजूला सारलं. डास चावला तरी रात्रभर फुंकर घालणाऱ्या तिने पोरीच्या मांडीचं मांस चिमटीत धरून पिळलं. काही नाही. पुन्हा पिळलं. नख रुतलं, लाल वळ उठला.

मास्कखाली ओठ थरथरले. बारीक, घोगरं, मांजराच्या पिल्लासारखं कण्हणं ऐकू आलं.

"चिमे!" सासूबाई रडू लागल्या. "पुरे गं, दुखतंय तिला!"

"थांबू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रडू दे. अजून रडू दे."

तिने दुसरी मांडी धरली.